पेटीजवळची खुर्ची

"टिकन ना गा डोमा, अंकुश येऊस्तोवर?" शेजारच्या चिंधूनं विचारलं.

"मशीन टिकन."

"मशीनचं कोण विचारते? मी सेवकरामभाऊचं विचारून राहिलो."

"ते तं टिकलेच हायेत. आता त्याईले काही होत नाही."

चिंधूनं पेटीच्या काचेतून आत डोकावून पाहिलं. सेवकराम निनावे खरोखरच सकाळपेक्षा टवटवीत दिसत होते. या माणसानं जन्मभर पवनीच्या बाजारात लुगडी विकली आणि दर उन्हाळ्यात पंख्याखाली बसून उन्हाला शिव्या दिल्या. एवढ्या गारव्यात त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मुलगा अंकुश हैदराबादहून पोचायचा होता. बाहेर मे महिना पेटला होता. मांडवात बसलेली माणसं घामानं निथळत होती आणि मधूनमधून एकेक जण उठून आत यायचा, पेटीला हात लावून नमस्कार करायचा आणि तो हात जरा जास्तच वेळ काचेवर राहू द्यायचा.

पेटीच्या पायथ्याशी प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिच्यावर डोमा गजभिये बसला होता. पेटीवर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'जीवन रेफ्रिजरेशन, पवनी'. जीवन हे मुलाचं नाव. दुकान काढलं तेव्हा डोमा फक्त फ्रिज दुरुस्त करायचा, त्यामुळे त्या नावात काही वावगं नव्हतं. पुढे नागपूरच्या भंगारातून एका एसीचा कॉम्प्रेसर उचलून, पत्रा वाकवून, वर काच बसवून त्यानं प्रेत गार ठेवायची ही पेटी तयार केली आणि रंगाऱ्यानं न विचारताच दुकानाचं नाव घातलं. त्यावर आजवर कुणी हसलं नव्हतं. पेटी लागते त्या घरात हसायची पद्धत नसते.

पेटी मात्र लागायची. पवनीची मुलं पुण्याला, हैदराबादला, सुरतेला गेली होती आणि पवनीची म्हातारी माणसं मुलांच्या सुट्ट्या बघून मरत नव्हती.

पेटीला एक खोड होती. तिच्यातून गॅस सुटायचा. कुठून सुटायचा ते नक्की नसे, कारण मालवाहू रिक्षातून धक्के खात एका घरून दुसऱ्या घरी गेली की ती नव्या जागी गळायची. म्हणून तिच्याजवळ कान देऊन बसावं लागे. आवाज जड झाला की बाजूच्या सिलिंडरातून तिला थोडा गॅस पाजायचा आणि पुन्हा बसायचं. पेटीबरोबर डोमा जायचाच. पेटीसाठी लोक वीज आणि सपाट जागा द्यायचे, डोमासाठी खुर्ची.

आणि ही खुर्ची मधल्या खोलीत असे. डोमाच्या आजोबांना याच निनाव्यांच्या ओसरीपर्यंत वाट होती, तीही खालच्या पायरीपर्यंत. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळायचं काम आजोबांकडे होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर डोमाच्या बापानं ते काम सोडलं, पोराला शाळेत घातलं, भंडाऱ्याला आयटीआयला पाठवलं. पोरगा शिकला, हातात कसब आलं आणि फिरून मेलेल्यांच्याच दारी आला. पण आता मधल्या खोलीत, खुर्चीवर, देव्हाऱ्याकडे पाठ करून. याला प्रगती म्हणायचं की नाही, हे डोमानं ठरवलं नव्हतं. बसल्या बसल्या तो कधी कधी त्याचा विचार करायचा. वेळ भरपूर असायचा.

सेवकरामांची बायको शोभाताई भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं. तिनं बराच वेळ डोमाकडे पाहिलं.

"डोमा, तुह्या बायकोले बी यातच ठेवलं होतं ना रे?"

"हो, ताई."

"थंडी वाजत असन का आत?"

"नाही वाजत."

"तुले काय माहीत?"

डोमानं जरा विचार केला. "पेटी केली तवा मी सोता झोपून पाहिलो होतो. बरोबर चालते का नाही म्हणून."

"मंग?"

"बरं वाटलं. उन्हाळा होता."

शोभाताईंच्या तोंडून हसू फुटलं. बायका वळून पाहू लागल्या, तसा तिनं पदर तोंडावर ओढला आणि खांदे हलत राहिले. दोन बायका तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. जरा वेळानं पदर खाली आला.

"असा कधी येत जा रे घरी," ती म्हणाली. "चांगला बोलतेस."

"असा कसा येऊ, ताई? मी गाडी थांबवली का लोक घराबाहेर निघतात."

हे खरं होतं. मागे एकदा फोन आला म्हणून त्यानं भर रस्त्यात रिक्षा थांबवली होती, मागे पेटी होती. बोलणं संपेपर्यंत समोरच्या दारात माणसं जमली. त्या घरचा म्हातारा काठी टेकत स्वतः बाहेर आला आणि त्यानं विचारलं, "कोण गेलं गा?" मग त्यानं पेटीकडे पाहिलं, डोमाकडे पाहिलं आणि आत जाऊन अंथरूण धरलं. तेव्हापासून लोक फ्रिजदेखील डोमाला दाखवेनात. स्वयंपाकघरात त्याचा पाय नको वाटायचा. लग्नाच्या पत्रिका तर बंदच झाल्या. जीवन पुण्याहून दर रविवारी फोन करायचा आणि जेवण झालं का विचारायचा. एवढं सोडलं तर डोमाला माणसांत बसायला जगात एकच जागा होती, ती ही खुर्ची. कुणी मेलं की त्याला वाईट वाटायचं. मग तो अंघोळ करून धुतलेला सदरा घालायचा.

खिशातला फोन थरथरला. भंडाऱ्याचा टेकचंद होता. त्याचं गॅसचं आणि सुट्या भागांचं दुकान होतं. डोमा अंगणात गेला.

"डोमा, गॅस बंद होऊन राहिला."

"कोणता?"

"तुहाच. बावीस नंबर. दिल्लीहून नव्या नियमाचा मसुदा निघाला. आयात आवळणार, बनवणं आवळणार, जुन्या मशीनले बी हळूहळू नाही भेटणार म्हणे."

"काहून?"

"आभाळाले भोक पडलं."

"ते तं मांगंच पडलं होतं."

"ते आता बुजून राहिलं म्हणे. म्हणूनच तं जोर चढला त्याईले." टेकचंदनं दम घेतला. "नागपूरले महासंघाची मीटिंग हाय. आपल्या धंद्याच्या हरकती लिहून पाठवाच्या हायेत. तुले याच लागते. त्याईले छोटा माणूस पाहिजे."

"मी छोटा?"

"तुह्यापेक्षा छोटा माह्या तं ओळखीत नाही बाप्पा."

आतून पेटीचा आवाज जड झाल्यासारखा वाटला. डोमानं फोन ठेवला आणि तो खुर्चीकडे परतला. गॅस देताना त्यानं पहिल्यांदाच सिलिंडर हलवून पाहिला.

*

विदर्भ शीतकरण व्यापारी व उत्पादक महासंघाची सभा नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात भरली. सभागृह इतकं थंड होतं की डोमाला सवयीनं वाटलं, आत कुणाला तरी ठेवलंय.

धंद्याचे दोन तट पडले होते. ज्यांच्याकडे जुना गॅस होता त्यांचं म्हणणं होतं की बंदी घाईची आहे, गरिबांना परवडणार नाही. ज्यांच्याकडे नवा गॅस होता त्यांचं म्हणणं होतं की बंदीला उशीर झाला आहे, गरिबांच्या मुलाबाळांना आभाळ राहणार नाही. दोन्ही बाजूंनी गरिबांचाच विचार केला होता. फक्त त्यांना बोलवायचं राहून गेलं होतं, म्हणून टेकचंदला फोन गेला होता.

पडद्यावर नकाशा आला. त्यात गोंदिया अजून भंडाऱ्यातच होता. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बातमी महासंघापर्यंत पोचली नव्हती. टेकचंदनं उभं राहून तसं सांगितलं. "नोंद घेतली," असं उत्तर आलं आणि नकाशा तसाच राहिला.

चहाच्या वेळी भावना नावाची एक बाई डोमाजवळ आली. ती मुंबईची सल्लागार होती, महासंघाचं उत्तर तीच लिहिणार होती. बोलायला गोड होती आणि समोरच्याचं बोलणं ऐकून घेताना मान हलवत होती.

"गजभियेजी, मसुद्यात अत्यावश्यक वापराला सूट मागता येते. दवाखाने, औषधं वगैरे. तुमची पेटी आपण त्यात बसवू शकतो. तुम्ही अत्यावश्यक आहात."

डोमाला आजवर हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला.

"मले काय बोला लागन?"

"तुमचा अनुभव. एखादा प्रसंग असेल तर उत्तम. लोकांना प्रसंग लक्षात राहतो."

टेकचंदनं त्याला बसमध्ये एक वाक्य पाठ करून दिलं होतं: या निर्णयानं हजारो कारागिरांची कुटुंबं उघड्यावर पडतील. डोमा ते मनात घोळवत माइकपाशी गेला. समोर कोटवाले होते, थंडीनं हात बगलेत घालून बसलेले. त्याला कारागिरांची हजारो कुटुंबं आठवेनात. एकच आठवलं.

"माही बायको गेली, सत्यभामा," तो म्हणाला. "असाच उन्हाळा होता. पोट्टा पुण्याहून निघाला होता, त्याची गाडी मांगं पडली. पेटी तं माहीच होती, घरात लावलो. दुपारी तिची नळी चिरली. बारीकशी. सुस् आवाज येऊन राहिला. टाका माराचा तं बत्ती पेटवा लागे, तिले बाहेर काढून भुईवर ठेवा लागे. मी नाही काढलो. सिलिंडर जोडलो आन देत राहिलो. इकून देऊन राहिलो, तिकून निघून जाऊन राहिला. दुकानात होता तेवढा सारा गॅस दिला. पोट्टा येऊस्तोवर पुरला."

सभागृहात एसीचा आवाज तेवढा येत होता.

"आता आभाळाले भोक पडलं असन, तं तेवढं माह्या नावावर लिहा. पण गॅस बंद नका करू जी. गॅस असला म्हणजे पेटी चालते. पेटी चालली म्हणजे मले तिथी बसता येते."

तो खाली उतरला. टाळ्या झाल्या. दोघातिघांनी चष्मे पुसले. अध्यक्ष भारावलेल्या आवाजात म्हणाले की यानंतर काही बोलण्यासारखं उरत नाही, आणि जेवण लागल्याचं त्यांनी जाहीर केलं.

जेवणाच्या रांगेत नव्या गॅसच्या कंपनीचा एक साहेब ताट घेऊन डोमाशेजारी आला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"एक विचारू? पेटी दर वेळी गळते?"

"दरवेळेस."

"आणि तुम्ही दर वेळी तिथे बसून राहता? रात्र असली तरी?"

"बसाच लागते."

"फार वाईट आहे हे."

"नाही जी, वाईट नाही," डोमा म्हणाला. "त्यात काय होते, आपण बसलो का..."

पण रांग पुढे सरकली होती आणि साहेब गुलाबजामपाशी पोचला होता.

*

महासंघाचं उत्तर दिल्लीला गेलं. नव्या गॅसच्या कंपनीनं स्वतःचं उत्तर वेगळं पाठवलं. पावसाळा लागल्यावर टेकचंद दोन्ही मोबाइलवर घेऊन पवनीला आला.

"हे पाहा महासंघाचं. 'ग्रामीण भागातील अंत्यविधीची निकड.' यात तू हायेस. आन हे कंपनीचं. 'जुन्या उपकरणांतून होणारी बेसुमार गळती.' यात बी तूच."

डोमानं चष्मा लावून पाहिलं. सत्यभामा दोन्हीकडे होती. एकीकडे 'शोकाकुल कुटुंबातील महिला' आणि दुसरीकडे 'एक प्रकरण'.

"मंग मी कोणाकून हाय?"

"दोन्हीकून. आपल्या लाइनीत एवढा मोठा माणूस आजवर झाला नाही."

डोमानं पान वरखाली सरकवलं. "मी शेवटी एक बोललो होतो, ते नाही दिसून राहिलं."

"भोकाचं? हाय ना, इथी हाय."

"त्याच्या बादचं."

"त्याच्या बाद तं टाळ्या झाल्या," टेकचंद म्हणाला.

मसुद्याचं पुढे काय झालं ते पवनीला कळलं नाही. हरकती फार आल्या म्हणून मुदत वाढली, असं टेकचंद म्हणायचा. वाढलेल्या मुदतीत आणखी हरकती आल्या. गॅस कधी मिळायचा, कधी नाही. पण नव्या गॅसच्या साहेबाच्या डोळ्यांत जे पाणी आलं होतं ते खरं निघालं. दिवाळीच्या आधी कंपनीनं पवनीला एक पेटी भेट दिली.

पेटी चकचकीत पोलादाची होती. खाली चाकं होती, आत नवा गॅस होता आणि सगळं असं बंदिस्त होतं की स्क्रूड्रायव्हर लावायला जागा नव्हती. गारवा कमी झालाच तर ती स्वतः मोबाइलवर निरोप पाठवायची. पेटी गावातल्या एका मंडळाच्या ताब्यात देण्यात आली. चिंधू त्या मंडळाचा सचिव होता, म्हणून निरोप त्याच्या मोबाइलवर येणार होते. चिंधूनं त्यासाठी नवा मोबाइल घेतला.

लोकार्पणाला मांडव पडला. डोमाला शाल आणि नारळ मिळाला.

"यांच्यामुळे हे शक्य झालं," साहेब म्हणाला. "या माणसानं एकट्यानं वर्षानुवर्षं प्रेतांजवळ बसून काढली. आज आपण त्यांना त्यातून मोकळं करतो आहोत. आता डोमाजींना कुठेही बसावं लागणार नाही."

टाळ्या पडल्या. दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. डोमा उठला, नव्या पेटीकडे पाहत म्हणाला, "चांगली हाय मशीन." मशीन खरंच चांगली होती, त्यामुळे पुढे काय बोलावं ते त्याला सुचेना.

मग जुन्या पेटीचं राहिलं होतं. ती तशीच भंगारात दिली तर उरलेला गॅस हवेत जाईल, म्हणून कंपनीचे दोन तंत्रज्ञ हातमोजे घालून आले. त्यांनी नळी जोडली आणि आतला गॅस एका बाटलीत ओढून घेतला. फार थोडा निघाला. सगळे अदबीनं उभे होते, एकदोघांनी नकळत टोप्या काढल्या. 'जीवन रेफ्रिजरेशन' ट्रॅक्टरवर चढून गेलं.

रविवारी जीवनचा फोन आला.

"बाबा, बरं झालं. सुटले तुमी."

"हो."

"आता आराम करा. मित्राईकडे जात जा."

"जातो," डोमा म्हणाला. जेवण झालं होतं, तेही त्यानं सांगितलं.

त्या हिवाळ्यात पवनीत बरीच माणसं गेली. डोमा दुकानाच्या फळीवर बसून असे आणि मंडळाची गाडी समोरून जाई, पोलादी पेटी उन्हात चमकत असे. गाडी कोणत्या गल्लीत वळली त्यावरून तो अंदाज करायचा. एकदा न राहवून तो एका घरी गेला. पेटीवर हिरवा दिवा लागलेला होता. घरच्यांनी त्याला दारातच ओळखलं.

"तुमी काहून तसदी घेतली, भाऊ? मशीन अशी झकास चालून राहिली."

"हो ना," डोमा म्हणाला आणि तसाच फिरला. तिथे जायला त्याच्याकडे कारण नव्हतं. कारणाशिवाय लोकांच्या घरी कसं जातात, हे तो विसरून गेला होता, आणि ते शिकवणारं कुणी ओळखीचं नव्हतं. शोभाताईंच्या घरावरून तो कधी कधी सायकलनं जायचा. ती ओसरीवर बसलेली असली तर हात हलवायची, ये म्हणायची. तोही हात हलवायचा. थांबायचा मात्र नाही. तिच्या जिवाला घोर नको.

उन्हाळ्याच्या तोंडी एक दिवस मंडळाची गाडी दुकानासमोर जरा हळू झाली. चिंधू पुढे बसला होता.

"शोभाताई गेली गा," त्यानं सांगितलं आणि गाडी निघून गेली.

डोमानं दुकानाचं शटर ओढलं. घरी जाऊन अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. पान्या-पकडींची पिशवी खुंटीला होती. सवयीनं हात तिच्याकडे गेला, मग त्यानं तो परत घेतला. पिशवी नसल्यामुळे चालताना एक खांदा उगाच वर राहत होता.

निनाव्यांच्या दारात मांडव पडला होता. त्याला पाहून चिंधू लगबगीनं पुढे आला आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"काय झालं? मशीन बिघडली काय? मले तं काही निरोप नाही आला."

"नाही बिघडली."

"मंग?"

"मी आलो."

"आला ते दिसून राहिलं. पण कायले?"

डोमानं वर राहिलेला खांदा खाली केला. "शोभाताई गेली म्हणून," तो म्हणाला.

चिंधूनं यावर विचार केला. बाकी सगळी माणसं याच कारणासाठी आली होती, पण डोमाच्या तोंडून ते ऐकायला त्याला नवं वाटलं. मोबाइल खिशात ठेवत तो म्हणाला, "जा मंग, दर्शन घे."

मधल्या खोलीत पेटीचा आवाज एकसुरी येत होता. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. खुर्ची नव्हती, कुणाला तिची गरज नव्हती. डोमा उभा राहिला. इतकी वर्षं तो या पेट्यांजवळ बसला, पण नजर गॅसच्या काट्यावर असायची, कान नळीकडे. आज पाहायला फक्त शोभाताईंचा चेहरा होता. नाकात चमकी नव्हती, काढली असावी. तिथे एक बारीक टिंब राहिलं होतं. तो पाहत राहिला. मागून बायका आल्या तेव्हा बाजूला झाला.

बाहेर सतरंजीवर पुरुष बसले होते. एका टोकाला दोघांच्या मध्ये थोडी जागा होती. डोमा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यातल्या एकानं वर पाहिलं, तो क्षणभर थांबला आणि मांडी आवरून सरकला. डोमा बसला. खुर्चीची सवय होती, गुडघे दुखले. जरा वेळानं शेजाऱ्यानं त्याला विचारलं, उन्हाळा औंदा लवकरच लागला ना. डोमा म्हणाला, हो, लवकरच लागला.

दुपार कलताना अंकुश आणि त्याची बायको रेणू हैदराबादहून पोचले. पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. तिरडी उचलली गेली.

इथपर्यंतचं डोमाला पाठ होतं. यापुढे माणसं नदीकडे निघत आणि तो मागे राहून पेटी फिनाइलनं पुसत असे, वायर गुंडाळत असे, आणि बायका जमीन धुवायला यायच्या आधी रिक्षा भरत असे. एवढ्या माणसांना त्यानं निरोप दिला होता, पण एकदाही घाटावर गेला नव्हता. आज मंडळाचा ड्रायव्हर पेटी पुसत होता. डोमा दारात उभा राहिला. रांग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, वळू लागली. शेवटचा माणूस दिसेनासा व्हायच्या बेतात होता तेव्हा तो निघाला.

वर गोसीखुर्द धरणाचे दरवाजे बंद होते, त्यामुळे वैनगंगा पार पलीकडच्या काठाला सरकली होती आणि वाळूतून बरंच चालावं लागलं. डोमा सगळ्यांच्या मागे होता. मध्येच खांदेकऱ्यांपैकी एकाचा पाय रुतला, तिरडी कलली, मागची माणसं पुढे धावली. खांदे बदलले. त्या गडबडीत मागच्या बाजूचा बांबू कुणीतरी डोमाच्या खांद्यावर टेकवला आणि बाजूला झालं. त्यानं पाहिलंही नसेल कुणाला दिला ते. शोभाताई अगदी हलकी होती. डोमाच्या खांद्यानं पाण्यापर्यंतची वाळू पार केली.

परत येईस्तोवर उन्हं उतरली होती. निनाव्यांच्या दारात रेणू उभी होती, हातात पाण्याचा तांब्या आणि पायरीवर निंबाच्या पाल्याची डहाळी. घाटावरून आलेला एकेक जण पायांवर पाणी घेत होता, तिच्या हातून एक पान घेऊन चावत होता आणि आपल्या वाटेनं जात होता. मेल्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत, त्यामुळे सगळे मुकाट्यानं जात होते.

डोमा पायरीशी आला. रेणूनं त्याच्या पायांवर पाणी घातलं. ती हैदराबादलाच राहत आली होती, गावातली माणसं तिला फारशी ठाऊक नव्हती.

"तुम्ही आईंचे कोण?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

"ओळखीचा," डोमा म्हणाला.

तिनं डहाळीचं एक पान तोडून त्याच्या तळहातावर ठेवलं. डोमानं ते तोंडात घातलं. कडू होतं. त्यानं ते सावकाश चावलं, आणि बाकीच्यांसारखाच काही न बोलता घराकडे निघाला.